थंड मशीनवर ठेवलेला हात

दाभोळच्या एका नाखव्याने आपली जुनी फायबरची होडी विकायला काढली. गिऱ्हाईक खाडीपलीकडचं, गुहागरकडचं. होडी पाण्यात मारून दाखवायची ठरली तेव्हा मीही सोबत बसलो. पाऊण तासाची ती फेरी अजून डोळ्यांपुढे आहे, कारण विकण्याची इतकी नितळ रीत मी क्वचितच पाहिली.

फेरीची वेळ त्याने पाण्याला विचारून ठरवली होती. भरती लागून दोन तास झालेले, मतलई म्हणजे जमिनीकडून येणारा वारा पडलेला, खारा वारा नुकता सुटलेला. सकाळी मतलईत खाडी सपाट असते आणि सपाट पाण्यात कुठलीही होडी गुणीच दिसते. लाट थोडी उठली की तिचा खरा स्वभाव कळतो. शिवाय मशीन मध्येच बंद पडलं, तर भरतीचं पाणी होडीला खाडीत आत आणतं. ओहोटी असती तर तिने मुखाकडे ओढलं असतं. गिऱ्हाइकाचं हित आणि होडीतल्यांचा जीव, दोन्हींची सोय एका वेळेत बसवणं याला दर्याची जाण लागते.

काठावर त्याने आधी नोंदणीचा दाखला काढून त्यावरचा नंबर नाळेवरच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरच्या नंबराशी ताडून दाखवला. मग इसाराची बोली झाली: सांगितल्यापेक्षा वेगळा दोष निघाला तर इसार परत, आणि पूर्ण पैसे हाती आल्याशिवाय होडी हलणार नाही. गिऱ्हाइकासोबत आलेले आणखी दोघे हौशीने चढू लागले, त्यांना त्याने हसून जेटीवरच थांबवलं. उरलेल्या तिघांनी लाइफ जॅकेटं घातली, तेव्हा कुठे दोर सुटला. व्यवहाराचं सगळं अवघड बोलणं जमिनीवर संपलं होतं. पाण्यात फक्त होडी बोलणार होती.

मग तो म्हणाला, "भाऊ, मशीनला हात लावून बघा." या फेरीतली सर्वांत देखणी जागा हीच. मशीन थंडगार होतं. आधी चालवून गरम करून ठेवलेलं मशीन पहिल्या झटक्याला सुरू होतं आणि आपलं दुखणं लपवतं. थंड मशीन मात्र खरं तेच सांगतं. हे दोन झटक्यांनी सुरू झालं. नाखव्याने लगेच बोट केलं ते मागच्या बारीक धारेकडे. मशीन गार ठेवणारं पाणी नीट खेळतंय, याची खूण ती धार. ती अखंड, जोरकस पडत होती. गिऱ्हाइकाने विचारायच्या आधीच त्याला काय बघायचं ते दाखवणं, हा विकणाऱ्याचा मोठेपणा.

जेटीजवळच्या होड्यांच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत होडी वळवायची दांडी त्याच्याच हातात राहिली. मोकळं पाणी आलं तशी त्याने ती गिऱ्हाइकाला दिली, पण त्याआधी मनगटातली किल स्विचची दोरी काढून गिऱ्हाइकाच्या मनगटात अडकवली. दांडी धरणारा पाण्यात पडला तर मशीन जागीच बंद व्हावं म्हणून. स्वतः हाताच्या अंतरावर बसला, आणि गप्प. होडीची एकही तारीफ नाही. ती शांतता मला फार आवडली.

दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून ही खाडी ओलांडते. तिच्यामागे उठलेली लाट त्याने बरोबर हेरली आणि होडी तिरकी घ्यायला सांगितलं. नाळ आपटली, पण फायबर कुठे करकरलं नाही. मग पूर्ण थ्रॉटल. अशा ४० एचपीच्या फोर स्ट्रोक मशीनचे फेरे मिनिटाला ५००० ते ६००० यायला हवेत. मीटर ५४०० वर स्थिरावलं. काटा खालीच अडला असता तर पंखा चुकीचा, तळाला शेवाळ किंवा मशीन थकलेलं, असा अर्थ निघाला असता. एका लाटेत आणि एका आकड्यात त्याने होडीची सारी तब्येत उलगडली.

परतल्यावर मशीन वर उचलून त्याने गिअर ऑइलचा खालचा स्क्रू जरासा सैल केला आणि पहिले थेंब पांढऱ्या कागदावर घेतले. ऑइल दुधासारखं दिसलं तर सील गेलं, पाणी आत शिरलं. हे थेंब स्वच्छ होते. मग मशीन ज्या फळीवर टांगतात, ती त्याने लाकडी मुठीने ठोकत नेली. सगळीकडे टणक आवाज. डाव्या कोपऱ्यात मात्र तो बद्द झाला. "इथे आतलं लाकूड ओल धरून आहे. किंमत मी हे धरूनच सांगितलीय," तो म्हणाला. लपवता येण्याजोगा एकमेव दोष त्याने स्वतःच्या हाताने वाजवून दाखवला.

गिऱ्हाइकाने घासाघीस केली नाही. जुनी होडी विकणार असाल तर एवढंच करा: गिऱ्हाईक येण्याआधी मशीन चालवू नका. पहिला हात त्यालाच लावू द्या.