‘विच्छा’तला मूर्ख नेमका कोण?

वसंत सबनीसांचा ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) हा वग म्हणजे नुसती करमणूक, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. मैनावतीच्या नादी लागून कोतवाल थेट राजाचा छपरी पलंग पळवायला निघतो, हा मूर्खपणा उघडच दिसतो. पण हवालदाराची बढती डावलून या माणसाला कोतवाल केलं, ते वशिल्यानं. खरा टोला तिथं आहे. दादा कोंडके यांच्या हवालदारानं हशा एवढा उसळवला, की तो टोला झाकला गेला.

आपण ग्वाल्हेरकर तर वगातल्या राजात जुना दरबारच शोधतो. संस्थान १९४८ सालीच मध्य भारतात विलीन झालं. वगातला राजा नुसतं सोंग. नेम खुर्चीवर आहे, आणि खुर्च्या अजून आहेतच की!