कर्जमाफीला नाव फुल्यांचं, पण ‘असूड’ काय मागतो?



२०१९ च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारनं दोन लाख रुपयांपर्यंतचं थकीत पीककर्ज माफ करायची घोषणा केली. योजनेचं नाव ठेवलं महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना. नाव कुणालाही आवडावं असंच होतं. शेतकऱ्याची बाजू मराठीत ज्यानं एवढ्या जोरात मांडली, त्याचं नाव शेतकऱ्याच्या योजनेला नाही द्यायचं तर कशाला द्यायचं? पण त्या निमित्तानं आम्ही ‘शेतकऱ्याचा असूड’ पुन्हा वाचायला घेतला आणि वाचता वाचता अडखळलो. १८८३ साली लिहिलेल्या या पुस्तकात फुले सरकारकडे पुष्कळ काही मागतात. पाणी मागतात, माती मागतात, रान मागतात, शाळा मागतात. कर्ज माफ करा, यावर मात्र त्यांचा भर नाही. मग कर्जमाफीच्या पाटीवर त्यांचं नाव कसं आलं? आज आपण याच प्रश्नाचा विचार करू.

आमचं पहिलं म्हणणं असं की ‘असूड’ आपण अर्धाच वाचतो. पुस्तकात पाच प्रकरणं आहेत. पहिल्यात जन्मापासून मरणापर्यंत धर्माच्या नावानं शेतकऱ्याची लूट कशी होते ते सांगितलंय. तिसऱ्यात इतिहासाची मांडणी आहे. भांडणं होतात ती या दोन प्रकरणांवरून. फुल्यांना मानणारे त्यातलेच उतारे देतात आणि न मानणारे त्यांनीच दुखावतात. दुसरं, चौथं आणि पाचवं प्रकरण मात्र तसंच पडून राहतं. आणि खरं सांगायचं तर सरकारी शेतीधोरणाची समीक्षा आहे ती याच तीन प्रकरणांत.

हे पुस्तक कोणत्या दिवसांत लिहिलं गेलं ते आधी लक्षात घ्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० नंतर कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळला. त्याच सुमाराला जमिनीची फेरमोजणी होऊन सारा वाढला. शेतकरी सावकाराच्या दारात गेला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांवर चाल केली, कर्जाची खतं जाळली, आणि बघता बघता पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांमध्ये हे लोण पसरलं. सरकारनं चौकशी आयोग नेमला. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा अधिकार मिळाला, कर्जासाठी कैदेत टाकण्याला आळा बसला. चांगलाच कायदा होता. पण त्यानं सावकाराला धरलं आणि साऱ्याला बव्हंशी हात लावला नाही. दुखणं कर्जाचं आहे, तेव्हा औषधही कर्जावरच द्यायचं, असा तो विचार होता.

चार वर्षांनी फुले ‘असूड’ लिहितात आणि हा विचारच उलटा करतात. शेतकरी कर्जात का पडला, हे ते मागे मागे जाऊन शोधतात.

दुसऱ्या प्रकरणात ते जंगलखात्याकडे येतात. त्यांची मांडणी आमच्या शब्दांत सांगतो. पूर्वी जमीन थोडी असली तरी कुणब्याचं भागायचं, कारण त्याची शेती बांधापाशी संपत नव्हती. डोंगर, दऱ्या, गायरान हे सगळं त्याच्या शेतीतच मोजलं जाई. रानातली फळं, कंद, पाला, लाकूडफाटा विकून मीठमिरची निघायची. दोन गाई, चार शेळ्या फुकट चरायच्या. त्यांचं शेण-लेंडी शेताला मिळायचं. मग जंगलखातं आलं, १८७८ चा वनकायदा आला, आणि डोंगर सरकारजमा झाले. चराई बंद झाली म्हणून जनावरं कमी झाली. जनावरं कमी झाली म्हणून खत गेलं. खत गेलं, जमीन थकली, पीक उतरलं. सारा मात्र होता तेवढाच, किंबहुना वाढलेला. मग सावकाराचा उंबरठा. आता सांगा, कर्ज या साखळीत कितवं कडं आहे? शेवटचं! फुल्यांनी साखळी पहिल्या कड्यापासून पाहिली. १८७९ च्या कायद्यानं शेवटचं कडं धरलं, आणि आम्हाला वाटतं आपण आजही तेच धरून बसलो आहोत.

पाण्याचंही तसंच. फुले पाण्याविषयी ऐकीव बोलत नाहीत. खडकवासल्याच्या धरणाच्या कामात ते कंत्राटदार होते, आणि मांजरीला त्यांची स्वतःची शेती होती. त्यामुळे पाटबंधारे खात्यावरची त्यांची तक्रार अगदी नेमकी आहे. खातं पाणीपट्टी पुरी घेतं, पण लागेल तेव्हा लागेल तेवढं पाणी देण्याची हमी घेत नाही. यावर त्यांचा उपाय काय, तर प्रत्येक शेतकऱ्याच्या गरजेप्रमाणे पाण्याची तोटी बसवा आणि मोजून द्या. मंडळी, हे १८८३ मध्ये! मोजून पाणी देण्याचं तत्त्व महाराष्ट्राच्या कायद्यात आलं २००५ साली, पाणी वापर संस्थांच्या रूपानं. आणि आज कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला जाऊन विचारा, तोटी आली का म्हणून.

चौथ्या प्रकरणात फुले लेखक म्हणून भेटतात. कलेक्टरच्या तंबूकडे दाद मागायला गेलेला आणि हात हलवत परतलेला एक शेतकरी ते उभा करतात. त्याचं मनातल्या मनात बोलणं ऐकवतात. मग आपल्याला त्याच्या घरात नेतात, आणि त्या घरातली एकेक वस्तू, गुरं, घाण, अंथरूण, चूल असं सगळं दाखवतात. हे वर्णन लांबलंय अशी टीका करता येईल. पण त्या लांबण्याला कारण आहे. सरकारी कागदात शेतकरी म्हणजे एक सर्व्हे नंबर आणि एक साऱ्याचा आकडा. फुले म्हणतात, आत या आणि बघा, इथे माणसं राहतात. बाया आहेत, पोरं आहेत, म्हातारी आहे.

आजच्या धोरणात तरी काय आहे? शेतकरी म्हणजे सात-बारावरचं नाव. पीएम किसानचे सहा हजार आणि २०२३ पासूनचे राज्याचे सहा हजार, दोन्ही त्या नावावर येतात. दुसऱ्याची जमीन बटाईनं कसणाऱ्याचं नाव तिथे नसतं. जन्मभर खुरपणी केलेल्या बाईचं बहुतेक वेळा नसतं. नवऱ्यानं आत्महत्या केली की नाव लावण्यासाठी तीच तलाठ्याकडे खेटे घालते. चौथं प्रकरण धोरण ठरवणाऱ्यांनी वाचलं असतं, तर शेतकरी कोण याची व्याख्या त्यांना पुन्हा करावी लागली असती.

आता पाचवं प्रकरण. इथे उपाय आहेत. पावसाचं पाणी शिवारात मुरावं म्हणून जागोजाग ताली-बंधारे घाला. रिकाम्या बसलेल्या लष्कराला आणि पोलिसांना या कामाला लावा. तळी-तलाव बांधा, जुने दुरुस्त करा. तलावातला गाळ शेतकऱ्याला नेऊ द्या. गायरानं गावाला परत करा. मेंढ्या-बकऱ्यांच्या चांगल्या जाती आणून वाढवा. विहिरींसाठी पाणी दाखवणाऱ्याला बक्षीस द्या. पिकांची प्रदर्शनं भरवा. शेतकऱ्याच्या मुलांना शिकवा, कारण शाळांसाठी पट्टी तोच भरतो आणि शाळेत मुलं दुसऱ्यांची बसतात. आणि रानडुकरांपासून पिकाची राखण करा. शेतकऱ्याला बंदूक बाळगू देत नसाल, तर नुकसान सरकारनं किंवा पोलीसखात्यानं भरून द्यावं. जंगलाचा आणि शस्त्रांचा असे दोन्ही कायदे १८७८ चेच, हे ध्यानात ठेवा म्हणजे या मागणीची धार कळेल.

ही यादी ऐकताना तुम्हाला काही जुनं वाटलं का? आम्हाला तरी नाही वाटलं. विदर्भात रात्र रात्र मचाणावर बसणाऱ्या शेतकऱ्याला आजही हेच हवंय. डुकरांनी पीक लोळवलं की अर्ज, पंचनामा, फोटो, आणि मग भरपाईची वाट बघायची.

या यादीतल्या काही गोष्टी उशिरा का होईना झाल्या. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. गाळ फुकट, वाहतूक शेतकऱ्याची, असं तिचं सुरुवातीचं रूप होतं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ पासून ग्रामसभा स्वतःच्या परवान्यावर बांबू विकू लागली. गावाच्या हातून गेलेलं रान एका गावाकडे तरी परत आलं. आमच्या मते फुल्यांचं नाव शोभलं असतं ते इथे. पण अशा कामांना मोठी जाहिरात मिळत नाही. बंधाऱ्याचं पाणी दिसायला चार पावसाळे लागतात. माफीचा मेसेज मोबाइलवर एका दिवसात येतो.

आता कर्जमाफीकडे येऊ. २००८ ची केंद्राची माफी सुमारे ७१ हजार कोटींची होती. पूर्ण माफी पाच एकरांपर्यंत. विदर्भातला कोरडवाहू कापूसवाला दहा एकर राखून असतो आणि पाच एकर बागायतवाल्यापेक्षा गरीब असतो. तो त्या रेषेबाहेर राहिला. २०१७ मध्ये राज्याची माफी आली, दीड लाखापर्यंत. तिला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव. दोनच वर्षांत २०१९ ची, दोन लाखांपर्यंत. अकरा वर्षांत तीन माफ्या झाल्या. एक औषध अकरा वर्षांत तीनदा द्यावं लागलं, तर वैद्यानं रोग्याला नावं ठेवायची की निदान पुन्हा तपासायचं?

इथे कुणीतरी म्हणेल, म्हणजे तुम्ही माफीच्या विरोधात आहात. नाही, मंडळी. गळ्यापर्यंत पाण्यात गेलेल्या माणसाला आधी बाहेर ओढायचं असतं. त्याला पोहायला का येत नाही हे तेव्हा विचारायचं नसतं. उद्योगांची कर्जं बँका निर्लेखित करतात तेव्हा कुणी त्यांना आळशी म्हणत नाही, आणि शेतकऱ्याला मात्र फुकट्या म्हणतात, याचाही आम्हाला राग आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. माफीत शेतकरी अर्जदार असतो. रांगेत उभा, अंगठा लावतोय, यादीत नाव शोधतोय. म्हणजे कलेक्टरच्या तंबूबाहेर उभा असलेला तोच माणूस! फुल्यांच्या यादीत तो अर्जदार नाही. त्यात त्याचं काढून घेतलेलं परत द्यायचंय: रान, गाळ, पाणी, शिक्षण.

पुस्तकाच्या उणिवा झाकून ठेवाव्यात असं आम्हाला वाटत नाही. फुल्यांचे बहुतेक उपाय सरकारनं वरून करायचे आहेत. गोरे अधिकारी ऐषआरामात गुंग आहेत आणि हाताखालचे ब्राह्मण कामगार त्यांना फसवतात, हे त्यांचं निदान त्या काळच्या कचेऱ्यांना लागू होतं. पण गोऱ्या राज्याचा मूळ हेतूच सारा गोळा करण्याचा होता, हे ते पुरतं मान्य करत नाहीत. नोकर बदलले की राज्य बदलेल, ही आशा शिल्लक राहते. आज कचेरीत बहुजनांची पोरं बसली आहेत. शेतकऱ्याचे खेटे मात्र चुकलेले नाहीत. दुसरी उणीव भावाची. पिकाला दाम काय मिळतो, हा प्रश्न ‘असूडा’च्या मध्यावर नाही. तो मध्यावर यायला पुढे शंभरेक वर्षं गेली, शरद जोशींची शेतकरी संघटना आणि १९८० चं चाकणचं कांदा आंदोलन यावं लागलं. तेव्हा एकट्या ‘असूडा’वर आजचं धोरण उभं राहणार नाही, हे उघड आहे.

तरीही तो वाचायला हवा. ‘दीनबंधू’त पहिली दोन प्रकरणं आली आणि पुढची छापायला संपादक नारायण मेघाजी लोखंडे राजी झाले नाहीत. लोखंडे काही परके नव्हते, सत्यशोधक चळवळीतलेच होते. आपल्या माणसालाही ही भाषा तेव्हा झेपली नाही. आता आम्ही पुतळे उभे केले, योजनांना नाव दिलं, आणि पुस्तक पुन्हा एकदा अर्ध्यावर ठेवलं.

म्हणून एवढीच विनंती आहे. पुढची योजना जाहीर होईल तेव्हा तिचं नाव आणि आकडा बाजूला ठेवा. पाचव्या प्रकरणातली यादी हातात घ्या आणि विचारा: यात पाणी किती, माती किती, रान किती, शाळा किती? उत्तर मिळालं नाही तर पुन्हा विचारा. असूड त्यासाठीच तर आहे.