विजयाची बखर कीं वतनाचा दावा?

आयर्लंडच्या मध्ययुगीन इतिहासाची ज्याला जिज्ञासा आहे, त्याला एका ग्रंथास वळसा घालून पुढें जातां येत नाहीं. वेल्समधील धर्मोपाध्याय जेराल्ड, ज्याला विद्वान् गिराल्डस कॅम्ब्रेन्सिस ह्या नांवानें ओळखतात, त्यानें इ. स. ११८९ च्या सुमारास लॅटिन भाषेंत लिहिलेला 'एक्सपुग्नाशिओ हिबर्निका', म्हणजे 'आयर्लंडविजय', हा तो ग्रंथ होय. १९७८ सालीं स्कॉट व मार्टिन ह्या पंडितांनीं त्याची संशोधित संहिता इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केली. त्यामुळें मूळ ताडून पाहण्याची सोय झाली आहे. ह्या ग्रंथाविषयीं टीकाकारांचें मत बहुधा ठरून गेलेलें असतें: शैली उत्तम, सत्य संशयास्पद. आमच्या मतें हा निवाडा वरवरचा आहे. ग्रंथाचे गुण व दोष हीं येथें दोन निराळीं खातीं नाहींत. दोन्ही एकाच मुळापासून निघालेले आहेत, आणि तें मूळ म्हणजे ग्रंथकाराचा वंशाभिमान.

प्रथम त्याचें कुल पाहूं. नॉर्मन हे मूळचे उत्तरेकडील दर्यावर्दी. ९११ च्या सुमारास त्यांचा नायक रोलो ह्याला फ्रान्सच्या राजानें सेन नदीच्या मुखाकडील प्रदेश तोडून दिला, आणि कांहीं पिढ्यांतच हे लोक भाषेनें फ्रेंच झाले. १०६६ त त्यांनीं इंग्लंड घेतलें, आणि पुढें दक्षिण वेल्समध्यें किल्ले बांधले. पेम्ब्रोकचा किल्लेदार विंडसरचा जेराल्ड ह्यानें तेथील राजकन्या नेस्ट हिच्याशीं विवाह केला. मॉरिस फिट्झजेराल्ड हा ह्या विवाहाचा पुत्र. रॉबर्ट फिट्झस्टीफन हा नेस्टचाच, परंतु दुसऱ्या संबंधापासून झालेला पुत्र. रेमंड हा तिचा नातू, आणि आमचा ग्रंथकारहि तिच्या मुलीचा मुलगा. आयर्लंडवर प्रथम चालून गेलेले प्रमुख वीर हे अशा रीतीनें त्याचे मामा, मावसभाऊ व मामेभाऊ होत. त्याचा सख्खा भाऊहि त्यांत होता. ह्या मंडळींना 'नॉर्मन' म्हणण्याचा प्रघात पुढील इतिहासकारांनीं पाडला. तत्कालीन लेखक त्यांना इंग्रज म्हणत, आणि आयरिश लोक त्यांना नुसतें 'परके' म्हणत. स्वतः जेराल्डच्या अंगांत चौथा हिस्सा वेल्श रक्त होतें. ज्याला शुद्ध वंश म्हणतात तो ह्या शुद्धतेच्या पुरस्कर्त्यांपाशींच नव्हता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां प्रसंग पाहूं. ११६६ त लेन्स्टरचा राजा डर्मट मॅक्मरो राज्यभ्रष्ट होऊन इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीस शरण गेला. हेन्री स्वतः आला नाहीं. डर्मटला साह्य करण्याची मुभा मात्र त्यानें आपल्या प्रजेस दिली. ११६९ च्या मे महिन्यांत फिट्झस्टीफन बॅनोच्या उपसागरांत उतरला. जेराल्डच्या गणतीप्रमाणें त्याच्याबरोबर ३० सरदार, ६० चिलखती स्वार व सुमारें ३०० तिरंदाज होते. पुढील वर्षीं रिचर्ड द क्लेअर ऊर्फ स्ट्राँगबो आला, त्यानें वॉटरफर्ड जिंकलें आणि डर्मटची कन्या ईफा हिच्याशीं लग्न केलें. ११७१ त डर्मट वारला आणि जांवई राज्यावर हक्क सांगूं लागला. आपला एक सरदार समुद्रापलीकडे राजा होऊन बसतो, हें हेन्रीस कसें रुचावें? त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तो सैन्यासह स्वतः येऊन उतरला, आणि ११७२ त परत जाण्यापूर्वीं त्यानें मीथचा विस्तीर्ण प्रदेश आपल्याबरोबर आलेल्या ह्यू द लेसीस देऊन टाकला. तरवार एकानें चालविली, सनद दुसऱ्याच्या नांवें निघाली. हें शल्य जेराल्डच्या कुळाला लागलें, आणि 'आयर्लंडविजय' हा ग्रंथ त्या शल्यांतून जन्मास आला.

ही दृष्टि ठेवून ग्रंथ वाचला म्हणजे त्याच्या रचनेचें मर्म कळूं लागतें. जुन्या रोमन इतिहासकारांच्या धर्तीवर जेराल्ड आपल्या वीरांच्या तोंडीं लांब भाषणें घालतो. फिट्झस्टीफन आपल्या सैनिकांना सांगतो कीं आपण एका अंगानें ट्रॉयच्या वीरांचे वंशज आहों, दुसऱ्या अंगानें गॉल देशाचे. एकाकडून शौर्य आलें, दुसऱ्याकडून शस्त्रविद्या. हें सर्व कल्पित आहे, हें सांगावयास नको. परंतु ११७१ त डब्लिनला वेढा पडला असतां मॉरिस बोलतो तें पाहा. इंग्लंडहून मदतीची आशा कसली धरतां, असें तो विचारतो. आयरिशांना आपण जसे इंग्रज, तसेच इंग्रजांना आपण आयरिश! हेंहि वाक्य ग्रंथकारानेंच रचलेलें असेल. परंतु रचलेल्या वाक्यांतूनहि कधीं कधीं खरें दुःख बाहेर पडतें. केवळ अलंकार म्हणून असें वाक्य सुचत नाहीं.

त्याच शल्यापोटीं आलेला अन्यायहि पाहावा. ११७० त बॅगिनबन येथें वॉटरफर्डचे सुमारें ७० नागरिक कैद झाले आणि त्यांना ठार मारण्यांत आलें. जेराल्ड येथें दोन भाषणें घालतो. त्याचा नातलग रेमंड दयेची बाजू मांडतो, आणि स्ट्राँगबोचा चुलता हार्वे क्रौर्याची. सभेला हार्वेचें मत पटतें, आणि कैद्यांचे हातपाय मोडून त्यांना समुद्रांत लोटतात. ह्याच मोहिमेवर जुन्या फ्रेंच भाषेंत रचलेलें 'डर्मटचें गीत' म्हणून प्रसिद्ध असलेलें एक काव्य आहे. त्यांत हेंच कृत्य प्रियकराच्या मृत्यूनें पिसाळलेल्या एका स्त्रीच्या कुऱ्हाडीवर ढकललें आहे. हत्येविषयीं दोघांचें एकमत आहे. हात कोणाचा, एवढाच वाद. मात्र ह्या गीताची एक गोष्ट आम्हांस प्रामाणिक वाटते. पराक्रमाचें वर्णन करीत असतां कवि मधेंच थांबून कोणाला कोणता मुलूख मिळाला ह्याची यादी देतो. मोहिमेचा हेतु त्या रुक्ष ओळींत उघडा पडतो.

ज्यांची भूमि गेली त्यांच्याविषयीं जेराल्ड काय म्हणतो? 'आयर्लंडविजया'च्या आधींच्या आपल्या आयर्लंडवर्णनांत तो त्यांना आळशी व रानटी ठरवितो: हे गुरें राखतात, शेती करीत नाहींत, सुपीक जमीन ओसाड ठेवतात. अशा वाक्यांतून जमिनीवरील हक्क हळूच काढून घेतला जातो. आयरिश लोकांच्या तंतुवादनाची मात्र त्यानें मनसोक्त स्तुति केली आहे, आणि ती उत्कृष्टहि आहे. पण वाद्याची स्तुति करतांना कोणाला वतन परत द्यावें लागत नाहीं.

पुढें घडलें तें मोठें विलक्षण आहे. १३६६ त किल्केनी येथें कायदा झाला कीं आयर्लंडांतील इंग्रजांनीं आयरिश भाषा बोलूं नये, आयरिशांशीं विवाह करूं नये, त्यांच्या घरीं मुलें वाढवावयास ठेवूं नयेत. हा कायदा लिहिला होता फ्रेंचमध्यें! आणि दुसऱ्याच वर्षीं राजाचा मुख्य अधिकारी झालेला डेस्मंडचा अर्ल जेराल्ड, मॉरिसचा साक्षात् वंशज, स्वतः आयरिश भाषेंत प्रेमकविता करीत होता.

शेवटीं जेराल्डच्या ग्रंथाला खरें उत्तर मिळालें तें १६३४ च्या सुमारास, जेफ्री कीटिंग ह्या टिपरेरीच्या धर्मगुरूकडून. त्याचा आयर्लंडचा इतिहास आयरिश भाषेंत आहे. प्रस्तावनेंत तो जेराल्ड व त्याचे अनुयायी ह्यांना शेणकिड्याची उपमा देतो: फुलें सोडून हा किडा शेणच शोधीत जातो. गंमत अशी कीं कीटिंग स्वतः त्याच जुन्या परक्यांच्या वंशांतला, आणि हें तो लपवीत नाहीं. उलट, म्हणूनच माझा शब्द निःपक्षपाती माना, असें सांगतो.

परंतु टीकाकारानें कीटिंगलाहि त्याच तराजूंत घातलें पाहिजे. कीटिंग विजयाचे दोन प्रकार करतो. ख्रिस्ती विजेता अधीनतेवर संतुष्ट होतो व जितांची भाषा राहूं देतो. अधर्मी विजेता ती समूळ नष्ट करतो. आपल्या पूर्वजांचा विजय तो पहिल्या प्रकारांत बसवितो! स्ट्राँगबो, फिट्झस्टीफन प्रभृति पांच पुढाऱ्यांचीं दुष्कृत्यें तो मान्य करतो, पण लगेच मठ बांधणाऱ्या इतर परक्यांची नामावळीहि पुढें ठेवतो. त्याच्या काळीं इंग्लंडहून आलेले नवे प्रॉटेस्टंट वसाहतवाले जुन्या कॅथलिक घराण्यांच्या जमिनींवर डोळा ठेवून होते. म्हणजे नवागतांनीं मागें लोटलेल्या कुळाचा कैवार जेराल्डनें घेतला, तसा तो कीटिंगनेंहि घेतला आहे. दोघेहि वकीलच.

मग दोघांत भेद कोणता? आमच्या मतें तो 'आम्ही' ह्या एका शब्दांत आहे. जेराल्डच्या 'आम्ही'मध्यें एका आजीची संतति मावते. तिच्या बाहेरचा इंग्रजहि तेथें परका. कीटिंगला आपल्या लोकांची बाजू मांडण्यासाठीं जितांची भाषा घ्यावी लागली, त्यांच्या दंतकथा व वंशावळी घ्याव्या लागल्या, आणि मूळचे गेल व जुने परके ह्या दोघांना मिळून 'आयरिश' हें एकच नांव द्यावें लागलें. स्वार्थानें कां होईना, त्याला आपल्या घराची भिंत मागें सरकवावी लागली. लॅटिन शैलीच्या डौलांत जेराल्ड निःसंशय श्रेष्ठ आहे. तो अवश्य वाचावा. पण वाचतांना हा इतिहास नसून हक्क बुडालेल्या कुळानें दरबारांत गुदरलेला अर्ज आहे, हें विसरूं नये. कीटिंगचें पुस्तकहि अर्जच आहे. फरक इतकाच कीं त्या अर्जाखालीं सही करण्यास जेराल्डनें रानटी ठरविलेल्यांनाहि जागा ठेवली आहे.