खाड्याचा रकाना

गेल्या हिवाळ्यात शहरातल्या एका चर्चासत्रात ऊसतोड कामगारांवरचा शोधनिबंध ऐकला. पडद्यावरचे तक्ते सुबक होते. टनामागची मजुरी, मुकादमाकडून घेतलेली उचल, हंगामाचे दिवस, सगळे रकाने भरलेले. निबंध संपल्यावर बीडच्या धारूर तालुक्यातला एक विद्यार्थी मागच्या रांगेतून उठला आणि म्हणाला, "मॅडम, यात खाडा कुठाय?" वक्त्यांना तो शब्द माहीत नव्हता. त्यांनी तो टिपून घेतला, आभार मानले आणि पुढचा प्रश्न मागितला.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोघांतले एक जण आजारी पडले की खाडा पडतो. त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर दंड उचलीच्या हिशेबात चढतो. पाळीतले दुखणे, गर्भारपण, लेकराचा ताप, सगळे ह्याच एका शब्दात मोजले जाते. २०१९ साली राज्य सरकारच्या नीलम गोऱ्हे समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीतून १३,८६१ जणींची गर्भाशये काढल्याचे पुढे आले. मजुरीच्या सरासरीतून ह्या आकड्याचा अर्थ लागत नाही; खाड्यापाशी आले की लागू लागतो. संशोधकाने रकानाच आखला नाही, तर बाईचे शरीर तक्त्याबाहेर राहते.

विषमतेवर सध्या उदंड लिहिले जाते. अर्थतज्ज्ञ तोमा पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ साली सांगितले की २०२२-२३ मध्ये देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्क्याकडे गेला. आकडा मोलाचा आहे, पण तो उताराची उंची सांगतो, ढकलणारा हात दाखवत नाही. पत्रकार इझाबेल विल्करसन यांच्या 'कास्ट' ह्या पुस्तकाने जात हा शब्द अमेरिकेत घरोघरी पोचवला आणि वाटेत तिचे रूपक करून टाकले. संस्थांच्या प्रकल्प-अहवालांबद्दल बोलण्यासारखे काही नाही; ते निधी देणाऱ्याच्या वाचनासाठी लिहिलेले असतात.

साखरेच्या समाजशास्त्राचेच पाहा. बा. सं. बाविस्करांचा कोपरगावचा अभ्यास (१९८०) आणि डोनाल्ड अ‍ॅटवुड यांचे 'रेझिंग केन' (१९९२) ही कसदार पुस्तके आहेत. त्यांच्या केंद्रस्थानी ऊस पिकवणारा सभासद आहे. तोडणारी टोळी कडेला उभी आहे. टोळी मध्यभागी आणली ती यान ब्रेमन या डच संशोधकाने, बारडोलीच्या कारखान्यांवर खानदेशातून जाणाऱ्या मजुरांवर लिहून. तेव्हा परका संशोधक कमअस्सल, असे मी म्हणत नाही. गेल ऑम्व्हेट अमेरिकेतून आल्या, बर्कलेच्या प्रबंधासाठी महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेकडे वळल्या आणि पुढे कासेगावात घर करून चळवळीला जाब देत जगल्या. ज्यांच्याबद्दल लिहिले ती माणसे रोज दारात येऊन विचारू शकत होती. संशोधनाचा कस तिथे लागतो.

मला खरी उमेद वाटते ती एका वेगळ्या धारेबद्दल, आणि तिचा उगम मानववंशशास्त्राच्याच वर्गात आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी जातींवरचा निबंध वाचला. सेनार, नेसफील्ड, रिस्ली, केतकर ह्या जातीच्या अभ्यासकांना त्यांनी एकेक करून तपासले आणि मग असा रकाना आखला जो कोणी आखलाच नव्हता: सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही जातीअंतर्गत विवाह टिकवण्याची साधने आहेत. बाईवरचा जुलूम आणि जातीची घडण एका ओळीत आली. १९५० साली त्यांनी मिलिंद महाविद्यालय आमच्या ह्या शहरात, औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर), काढले. ज्यांच्यावर दुसऱ्यांनी लिहायचे त्यांची मुले मिलिंदच्या नागसेनवन परिसरात लिहायला शिकली. गंगाधर पानतावण्यांचे 'अस्मितादर्श' नियतकालिक इथून निघाले. त्र्यं. ना. आत्र्यांच्या 'गावगाड्या'त (१९१५) भटक्या जमाती बाहेरून न्याहाळल्या जातात. लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (१९८७) त्यांतलाच एक माणूस बोलतो. ते पुस्तक नुसती आत्मकथा म्हणून वाचणे हा अभ्यासकांचा आळस आहे.

गोपाळ गुरूंनी २००२ साली ह्याच दुखण्यावर बोट ठेवले: भारतीय समाजविज्ञानांत सिद्धांत मांडण्याचा मान काहींना आणि अनुभव पुरवण्याचे काम उरलेल्यांना. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) लिहून ही वाटणी आधीच मोडली होती. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना त्या भेटल्या आणि त्यांच्याच भाषेत पुस्तक त्यांच्या हाती दिले. त्याचे इंग्रजी भाषांतर वंदना सोनाळकरांनी केले; त्या इथल्याच विद्यापीठात शिकवत होत्या. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना ज्ञानाचा दर्जा मिळावा म्हणून वाद घातला. इतिहासकार शैलजा पाईक यांनी तमाशातल्या बायकांवरच्या पुस्तकात (२०२२) अश्लील, माणुसकी हे आपले शब्द विश्लेषणाचे हत्यार म्हणून वापरले. २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा मला झालेला आनंद येरवड्याच्या लेकीच्या कौतुकापुरता नव्हता. मराठी शब्द त्या ग्रंथात पुरावा म्हणून येऊन थांबले नाहीत, त्यांनी सिद्धांत पेलला.

म्हणून विचारतो, मराठवाड्यात फिरून नेलेली माहिती मराठवाड्यात परत का येत नाही? मुलाखत मराठीत, प्रबंध इंग्रजीत, निष्कर्ष परदेशी परिषदेत. मोसंबीची बाग, वाळूजचा कंत्राटी कामगार, विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ सोसलेली वस्ती, सगळीकडून वह्या भरून जातात. ज्या बाईने दुपारभर बसून सांगितले तिला आपण काय सांगितले हे वाचायला मिळत नाही, चुकले असेल तर खोडता येत नाही. हा शिष्टाचाराचा मुद्दा म्हणून सोडून देऊ नका. उसाच्या फडात वजनाची पावती मुकादमाच्या हाती असते आणि तोडणारीला आकडा ऐकून घ्यावा लागतो. संशोधकाने तेच केले, तर विषमतेच्या अभ्यासाने विषमतेत भरच घातली.

सबमिशनच्या आधी प्रत्येक प्रबंधाचा मराठी गोषवारा त्या गावात, त्या टोळीत मोठ्याने वाचला गेला पाहिजे. लोकांचे आक्षेप त्यांच्या शब्दांत प्रबंधात छापले पाहिजेत. विद्यापीठांनी हा नियम करावा आणि परीक्षकांनी त्यावर गुण द्यावेत. कष्टाचे आहे, वेळ जाईल, हे मला मान्य आहे. ऊस तोडणेही कष्टाचे आहे.

आणि धारूरच्या त्या विद्यार्थ्याने विचारलेला शब्द टिपून घेऊन भागणार नाही. पुढचा तक्ता आखताना त्याला आधी बोलवा.