काचेची नळी

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात एक प्रतिकृती दरवर्षी हमखास भेटते. काचेची हंडी, तिच्या बुचातून आत गेलेली वाय आकाराची काचनळी, नळीच्या दोन टोकांना बांधलेले दोन फुगे आणि हंडीच्या तळाशी ताणून बसवलेला रबराचा पडदा. पडदा खाली ओढला की फुगे फुगतात, सोडला की मिटतात. ‘हे आपले श्वासपटल आणि ही आपली फुप्फुसे,’ असे विद्यार्थी घडाघडा सांगतो आणि परीक्षक मान डोलावून पुढे सरकतात. आम्हीही ही प्रतिकृती अनेक वर्षे वर्गात वापरली आणि तिला गुण दिले. तेव्हा तिच्यावर जी टीका पुढे करणार आहोत, तिच्यात आमचाही वाटा आहे, हे आधीच मान्य करतो.

कोल्हापूरजवळच्या एका गावातील प्रदर्शनात सातवीतल्या एका मुलीने या प्रतिकृतीजवळ थांबून विचारले, ‘सर, दम्यात ह्यातलं काय बिघडतंय?’ प्रतिकृती मांडणारा मुलगा गोंधळला आणि त्याने फुग्याकडे बोट दाखवले. ‘फुप्फुस खराब होतं.’ मुलगी काही न बोलता निघून गेली. तिच्या दप्तरात कंपासपेटीखाली ‘पंप’ लपवलेला असे, हे आम्हाला पुढे कळले. फुप्फुसे खराब झाली आहेत, असेच त्या दिवशी ती समजून गेली असणार. चूक त्या मुलाची नव्हती. प्रतिकृतीच त्याला दुसरे उत्तर देऊ देत नव्हती.

दमा हा मुख्यतः नळ्यांचा आजार आहे. श्वासनलिका छातीत उतरल्यावर तिला दोन फाटे फुटतात, त्या फाट्यांना आणखी फाटे, असे सुमारे तेवीस वेळा होते आणि शेवटी वायुकोश येतात. या नळ्यांच्या भिंतीत स्नायूंची वलये असतात आणि आतून नाजूक अस्तर असते. दम्यात हे अस्तर दीर्घकाळ सुजलेले राहते. धूर, धूळ, परागकण, बुरशी, सर्दीचे विषाणू, थंड हवा अशा एखाद्या कारणाने स्नायू आवळतात, अस्तर आणखी फुगते, चिकट कफ साठतो आणि नळी आतून अरुंद होते. बाहेर टाकण्याच्या श्वासात नळ्या एरवीही थोड्या मिटतात. म्हणून दम्याच्या माणसाला श्वास सोडणे अधिक जड जाते आणि शिट्टीसारखा आवाज येतो.

आता प्रतिकृतीकडे पुन्हा पाहा. जो भाग आवळतो, सुजतो आणि पुन्हा मोकळा होतो, नेमका तोच भाग आपण काचेचा केला आहे. काच आकसत नाही आणि सुजतही नाही. श्वासपटलाचे काम ही प्रतिकृती उत्तम दाखवते, त्याबद्दल तिला पूर्ण गुण द्यावेत. पण तिच्यावर शिकलेल्या मुलाच्या मनात ‘नळी म्हणजे निव्वळ वाट’ हे चित्र पक्के बसते. आम्ही पाहिलेल्या बहुतेक पाठांतील आकृत्याही असेच करतात. वायुकोशांचा द्राक्षाच्या घोसासारखा घड ठसठशीत काढलेला असतो आणि त्याआधीच्या बारीक नळ्या दोन रेषांत उरकलेल्या असतात. दम्याचे नाव विकारांच्या यादीत एका ओळीत येते.

या चुकीच्या चित्रातून पुढच्या चुका निघतात. फुप्फुस म्हणजे पिशवी आणि पिशवीच खराब झाली, अशी समजूत असेल, तर तोंडातून ओढलेल्या चिमूटभर औषधाने काय होणार, असेच वाटेल. उलट ‘नळी आवळली आहे’ हे समजले, तर औषध थेट नळीच्या भिंतीवर का पोचवायचे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

हिशेब करून पाहू. साल्ब्युटामॉल हे नळीचे स्नायू सैल करणारे औषध आहे. त्याची एक गोळी 4 मिलिग्रॅमची, म्हणजे 4000 मायक्रोग्रॅमची असते. इनहेलरच्या एका फवाऱ्यात तेच औषध 100 मायक्रोग्रॅम असते. एक गोळी म्हणजे चाळीस फवारे झाले! गोळीतले औषध पोटातून रक्तात आणि रक्तातून सर्व शरीरात फिरते. त्यामुळे हात थरथरतात, छाती धडधडते, आणि नळ्यांपर्यंत पोचायला वेळ लागतो तो वेगळाच. फवाऱ्याचा परिणाम साधारण पाच मिनिटांत दिसू लागतो. तरीही घरोघरी ‘गोळी सौम्य, पंप कडक’ असे मानले जाते. आठवीच्या मुलाला येणारे हे गणित आपण त्याच्यापुढे मांडत नाही, एवढाच याचा अर्थ.

प्रतिकृतीनंतर शब्दांकडे वळू. आपल्याकडे इनहेलरला सरसकट ‘पंप’ म्हणतात. पंप म्हटला की विहिरीवरची मोटर आठवते, म्हणजे आपली ताकद संपल्यावर बाहेरून लावायचे यंत्र. ‘त्याला पंप लागला’ हे वाक्य कोल्हापुरात ज्या सुरात उच्चारले जाते, त्यात आजाराचा शेवटचा टप्पा ऐकू येतो. मुलीच्या बाबतीत तर ‘पंप लागला म्हणजे सोयरीक कशी जमायची’ ही चिंता मागोमाग येते आणि औषध दप्तराच्या तळाशी जाते. वस्तुतः हे उपकरण हवा ओढत नाही की ढकलत नाही. ते औषधाची मोजलेली मात्रा सोडते आणि श्वास आपला आपणच घ्यायचा असतो.

दुसरा शब्द ‘वाफ’. दवाखान्यात नेब्युलायझर लावला की ‘वाफ दिली’ म्हणतात. पण नेब्युलायझरमधून निघते ते औषधी द्रावाचे थंड तुषार असतात. पातेल्यातील गरम पाण्याच्या वाफेत यातले काहीच नसते. एकाच शब्दामुळे घरची वाफ आणि दवाखान्यातली ‘वाफ’ एक वाटू लागतात. मग झटका आलेल्या मुलाला पातेल्यावर वाकवून बसवले जाते, वेळ जातो आणि भाजण्याचा धोका वाढतो.

तिसरी गोष्ट म्हणजे नाव टाळणे. ‘बाळदमा आहे, मोठेपणी जाईल’ किंवा ‘ॲलर्जीचा खोकला आहे’ असे सांगून दम्याचे नाव पुढे ढकलले जाते. काही मुलांचा त्रास वयाबरोबर कमी होतो, हे खरे. पण नाव न घेतल्याने उपचार मात्र नक्की लांबतो.

आणि ‘सवय लागते’ हा आक्षेप? दमा दीर्घकाळचा असल्याने त्याचे औषधही दीर्घकाळ घ्यावे लागते. आपण उसाला पाळीने पाणी देतो, म्हणून उसाला पाण्याचे व्यसन लागले असे कोणी म्हणत नाही.

ही पद्धत परकी आहे, अशीही एक कुरबुर ऐकू येते. औषधी धूम ओढण्याचे वर्णन चरकसंहितेत आहे. धोतऱ्याचा धूर दम्यासाठी ओढण्याची रीत 1802 साली जनरल जेंट यांनी मद्रासहून इंग्लंडात नेली आणि पुढे शतकभर तिकडे धोतऱ्याच्या विड्या विकल्या गेल्या. धोतरा विषारी आहे आणि धूर नळ्यांना घातकच, म्हणून तो मार्ग सुटला, हे योग्यच झाले. पण धोतऱ्यात जे ॲट्रोपीन असते, त्याच्यावरून तयार केलेले इप्राट्रोपियम आज इनहेलरमधून दिले जाते. ‘इनहेलर’ हा शब्द प्रथम वापरला तो जॉन मज या इंग्रज वैद्याने, 1778 साली.

आजच्या इनहेलरची कथा तर वर्गात सांगावीच अशी आहे. 1955 साली अमेरिकेतील रायकर प्रयोगशाळेचे प्रमुख जॉर्ज मेझन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. रबरी गोळा दाबून चालणाऱ्या काचेच्या फवारणीने ती कंटाळली होती. ‘केसांच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डब्यात का भरत नाहीत?’ असे तिने विचारले. 1956 साली मोजलेली मात्रा देणारा पहिला दाबयुक्त इनहेलर बाजारात आला. तिच्या प्रश्नाला बोट दाखवून उत्तर दिले गेले नाही.

टीका एकाच बाजूची असू नये. इनहेलरचा इतिहास निष्कलंक नाही. 1960 च्या दशकात इंग्लंडमध्ये दम्याचे मृत्यू अचानक वाढले. आयसोप्रिनॅलिनच्या तीव्र मात्रेच्या फवाऱ्यांशी त्यांचा संबंध जोडला गेला. नंतर 1969 साली अधिक निवडक असे साल्ब्युटामॉल आणि 1972 साली सूज कमी करणारे बेक्लोमेथासोन इनहेलरमधून मिळू लागले. तरी एक खोड राहिलीच. आराम देणारा फवारा तेवढा घ्यायचा आणि सूज उतरवणारे रोजचे औषध टाळायचे. सूज तशीच राहते आणि एखादा झटका जिवावर बेततो. दम्याविषयीच्या ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शिकेने 2019 पासून बारा वर्षांवरील रुग्णांना केवळ आराम देणाऱ्या औषधावर ठेवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. रोगभाराच्या जागतिक अंदाजांनुसार जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे तेरा टक्के भारतात आहेत. दम्याच्या मृत्यूंतील आपला वाटा मात्र चाळीस टक्क्यांच्या वर जातो. आजार तोच आणि औषधे आपल्याच देशात बनणारी. मग ही तफावत कुठून आली? उशिरा होणारे निदान आणि न घेतलेले औषध हे तिचे मोठे कारण आहे.

दुसरा दोष शिकवण्याचा. अनेकदा चिठ्ठी लिहून दिली जाते, पण उपकरण कसे वापरायचे ते करून दाखवले जात नाही. फवाऱ्याचा इनहेलर हलवून, श्वास पूर्ण सोडून, मग दाबताच सावकाश खोल श्वास घ्यायचा आणि दहा सेकंद रोखायचा. कॅप्सूलमधील पूड ओढायची असेल, तर उलट जोराने आणि भरभर ओढायची. कण एक ते पाच मायक्रॉनचे असतील तरच खालच्या नळ्यांत पोचतात. मोठे कण घशातच आदळतात. त्यामुळे फवाऱ्यातील औषधाचा जेमतेम दहा ते वीस टक्के भाग फुप्फुसात उतरतो. मध्ये स्पेसर, म्हणजे पोकळ नळकांडे, धरले तर हे प्रमाण सुधारते आणि दाबण्याचा क्षणही चुकत नाही. स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरून टाकायची. स्पेसर महाग वाटत असेल, तर केपटाउन येथे हेदर झार व सहकाऱ्यांनी 1999 साली केलेले काम लक्षात ठेवावे. 500 मिलिलिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तळाला इनहेलर बसेल एवढे भोक पाडून त्यांनी स्पेसर केला. मुलांच्या झटक्यात तो नेहमीच्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरला.

मग प्रतिकृती टाकून द्यायची का? मुळीच नाही, दुरुस्त करायची. एका फुग्याआधी काचनळीला मऊ रबरी नळीचा तुकडा जोडावा आणि त्यावर दोऱ्याची गाठ चांगली आवळावी, पण वाट पूर्ण बंद होऊ देऊ नये. दुसरी बाजू मोकळी ठेवावी. आता पडदा भरभर खालीवर करावा. मोकळ्या बाजूचा फुगा हलेल, आवळलेल्या बाजूचा मागे पडेल. दोन्ही फुगे सारखेच आहेत, बिघाड नळीत आहे, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. मोठ्या मुलांना पुढचा हिशेब द्यावा. प्रवाह संथ असेल तर नळीची त्रिज्या निम्मी झाल्यावर विरोध सोळापट होतो. गाठ थोडी सैल केली की फुग्यात एवढा फरक का पडतो, ते त्यांना लगेच उमगेल. मुलांना बारीक नळीतून श्वास घ्यायला लावण्याचा प्रयोग मात्र करू नये. वर्गात दमा लपवणारे मूल असू शकते.

आमच्या जिल्ह्यात ऊसतोड सुरू झाली की पाचट पेटते, गुऱ्हाळांची चुलवाणे धडधडतात आणि थंडीत तो धूर खाली बसून राहतो. गगनबावड्याकडे पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते. म्हणजे नळ्या आवळण्याची कारणे शाळेच्या कुंपणापर्यंत येऊन ठेपलेली असतात. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत या विकाराचा समावेश आहे. पथक शाळेत आले की धाप लागणाऱ्या, रात्री खोकणाऱ्या मुलांची नावे आपणच पुढे करावीत. आणि आराम देणारा इनहेलर कार्यालयाच्या कुलूपबंद कपाटात न ठेवता मुलाजवळ राहू द्यावा. झटक्यात मुलाला ताठ बसवून तो डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे द्यावा. उतार पडला नाही, बोलता येईना किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर क्षणही न दवडता दवाखाना गाठावा.

ती सातवीतली मुलगी पुढे नववीत आमच्या वर्गात आली. आम्ही गाठ मारलेली प्रतिकृती टेबलावर ठेवली तेव्हा तिने पडदा स्वतः ओढून पाहिला, दोनदा. मग गाठ सैल केली आणि मागे पडलेला फुगा हलू लागलेला पाहिला. त्या दिवसापासून तिचा इनहेलर कंपासपेटीखाली न राहता कंपासपेटीच्या शेजारी दिसू लागला.