तलवार आणि उपसंपदा

शिरूर अनंतपाळ परिसरातील उपासकांशी बोलताना 'मुसलमानांच्या तलवारीने धम्म संपला' हे वाक्य आमच्या कानी वारंवार येते. आधार म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बौद्ध धम्माच्या ऱ्हासावरील प्रकरण पुढे केले जाते. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेले हे लेखन महाराष्ट्र शासनाने १९८७ साली इंग्रजी ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात प्रसिद्ध केले. आमच्या मते ते अर्धेच वाचले जाते.

इस्लामी आक्रमणे हे कारण बाबासाहेबांनी निःसंदिग्धपणे सांगितले आहे. परंतु त्यांचा खरा प्रश्न त्यापुढचा आहे. तीच आक्रमणे सोसून ब्राह्मणी धर्म टिकला, धम्म का टिकला नाही? त्यांच्या उत्तराचा गाभा असा की, ब्राह्मण जन्मानेच पुरोहित ठरतो. भिक्खू मात्र उपसंपदेनेच होतो. संघ एकदा नष्ट झाला की तो पुन्हा उभा करणे दुष्कर.

हे उत्तर डोंगराळ मुलखांच्या इतिहासावर पडताळून पाहू. साल्हेर-मुल्हेरच्या आश्रयाने बागलाणच्या राठोडांनी दीर्घकाळ आपले राज्य राखले. खानदेश १६०१ मध्ये अकबराकडे गेला, तरी बागलाण १६३८ पर्यंत टिकले. औरंगजेबाच्या सैन्याने मुल्हेर घेतल्यावर राजपुत्राने इस्लाम स्वीकारून दौलतमंदखान हे नाव धारण केले. प्रजा मात्र आपल्या देवदेवतांसह तशीच राहिली. राज्य गेले, पण धर्मांतर राजघराण्यापुरतेच राहिले.

हिंदुकुशातील बामियानची गती निराळी झाली. इ. स. ७२७ च्या सुमारास तेथून गेलेल्या ह्येचो या भिक्खूला तेथील राजा स्वतंत्र व लोक बुद्धभक्त आढळले. अरबांच्या स्वाऱ्या त्या प्रदेशात सातव्या शतकातच सुरू झाल्या होत्या. याकूब बिन लैसने इ. स. ८७० च्या सुमारास बामियान जिंकले. प्रतिकार सुमारे दोन शतके चालला. तरी कालांतराने संघ लोपला आणि लोक मुसलमान झाले.

या भेदाची अनेक कारणे असतील. त्यांपैकी एक विनयात सापडते. महावग्गानुसार अवन्ति-दक्खिणापथात दहा भिक्खू जमविण्यासाठी महाकच्चानांना तीन वर्षे लागली, तेव्हा भगवंतांनी प्रत्यंत जनपदांत विनयधरासह पाच भिक्खूंच्या गणाने उपसंपदा देण्याची अनुज्ञा दिली. ही अडचण आपल्याच दक्षिणापथाची होती, आणि तेव्हा कोणतेही परचक्र आलेले नव्हते.

अजिंठ्याचे मोठे काम पाचव्या शतकानंतर थांबले. अलाउद्दीन देवगिरीवर आला तो १२९६ मध्ये. तेरचे त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह होते, असे अभ्यासक मानतात. मराठवाड्यातील या स्थित्यंतराचा दोष तलवारीच्या माथी मारता येत नाही.

केवळ तलवारीचे वाक्य घोकणाऱ्यास शेजारच्या मुसलमानाविषयी द्वेष तेवढा मिळतो, स्वतःचे कर्तव्य मात्र हाती लागत नाही. बाबासाहेबांचे प्रकरण पूर्ण वाचणाऱ्यास कर्तव्य सापडते. आपण विहार बांधले. त्यांत विनय जाणणारे पाच भिक्खू कोठून येतील, याचा विचार आता व्हावयास हवा.