हिंगोलीची छावणी आणि मेंटोनचा किनारा

परमुलखात जाऊन राहिलेल्या माणसाचे पुस्तक हाती आले म्हणजे वाचक बहुधा त्यात तीन गोष्टी शोधतो : तेथील हवा कशी, माणसे कशी आणि मौज कोणती. तेथे राहावयास खर्च किती आला व तो कोणी सोसला, ही चौथी गोष्ट विचारणे त्यास असभ्यपणाचे वाटते. ग्रंथकारासही तसेच वाटत असावे. कारण या जातीच्या वाङ्मयात हवेवर प्रकरणेच्या प्रकरणे असतात, आणि घरभाडे, किराणा, नोकराचाकरांचे पगार यांचा उल्लेख आलाच तर तो कुरकुरीच्या रूपाने येतो. आमच्या मते हा दोष केवळ माहितीच्या अपुरेपणाचा नव्हे. तो वाङ्मयीन दोष आहे. ज्या पैशावर लेखकाचे जगणे उभे असते तो दृष्टीआड झाला की त्यास भेटलेली माणसेही अर्धीमुर्धीच दिसू लागतात. हे म्हणणे आम्ही अशा एका ग्रंथकाराच्या आधारे मांडू इच्छितो की ज्याचा संबंध हिंगोलीच्या काळ्या मातीशीही आला, आणि भूमध्य समुद्राच्या ऊबदार किनाऱ्याशीही.

फिलिप मेडोज टेलर हा १८०८ साली लिव्हरपूल येथे जन्मला. घरचा व्यापार अडचणीत आल्यामुळे पंधराव्या वर्षीच तो मुंबईस एका व्यापाऱ्याच्या पेढीवर उमेदवारीस आला. तेथे दिलेली आश्वासने पोकळ ठरली, आणि १८२४ साली तो निझामाच्या फौजेत दाखल झाला. पुढे ‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’ (१८३९) या कादंबरीने त्यास विलायतेत एकदम नाव मिळवून दिले. शिवकालावरील ‘तारा’ (१८६३) ही त्याची कादंबरी महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याची आहे. त्याचे आत्मचरित्र ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ हे त्याच्या मृत्यूनंतर, १८७७ साली, त्याच्या कन्येने संपादून प्रसिद्ध केले. मृत्यू आला तो फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मेंटोन गावी, १३ मे १८७६ रोजी.

हिंगोलीचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे नामदेवांची नर्सी उभी राहते, औंढ्याचा नागनाथ उभा राहतो, अलीकडे हळदीचा बाजारही. १९९९ साली परभणीतून हा जिल्हा वेगळा झाला. तेथे एके काळी गोऱ्या अंमलदारांची मोठी छावणी होती, हे जिल्ह्याबाहेर फारसे कोणाच्या ध्यानात नसते. निझामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली पोसलेल्या ‘हैदराबाद कंटिंजंट’ नामक फौजेचे ते एक प्रमुख ठाणे होते. १९०३ साली ही फौज इंग्रजी सैन्यात विलीन झाली आणि तिचे वेगळेपण संपले.

या छावणीचे जे चित्र टेलरने ‘ठगा’च्या प्रस्तावनेत काढले आहे, ते त्याच्या साऱ्या लिखाणात आम्हांस सर्वांत झोंबणारे वाटते. हिंगोलीच्या बाजारात हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. मुंबईहून कापड आणण्याचा परवाना त्याने रीतसर मागून घेतला. जवळच्याच गावचा दुसरा एक व्यापारी तसाच माल घेऊन वाटेत आहे, हे त्यास ठाऊक होते. त्याने त्या व्यापाऱ्यास, त्याच्या माणसांस व गाडीवानांस ठार केले, माल आपल्या परवान्यावर हिंगोलीस आणला आणि छावणीत उघड उघड विकला. पकडला गेल्यावर त्याने हे स्वतःच कबूल केले नसते, तर कोणास त्याचा पत्ताही लागता ना. त्याच बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, त्याच्या टोळीने माणसे मारली होती व पहारेकऱ्यांच्या रांगेपासून पाचशे यार्डांच्या आत पुरली होती. ती प्रेते उकरून काढली तेव्हा टेलर स्वतः हजर होता.

हा प्रसंग लोक वाचतात तो अंगावर काटा आणणारी हकीकत म्हणून. आम्हांस तो निराळ्या कारणाने महत्त्वाचा वाटतो. परदेशी माणसाची वसाहत आपल्या भोवतालच्या बाजारास किती कमी ओळखते, याचा याहून चोख पुरावा कोणता? साहेबांच्या बंगल्यात ते कापड गेले असेल. मडमसाहेबांनी ते स्वस्त मिळाले म्हणून समाधानही मानले असेल. त्या स्वस्ताईमागे काय होते, हे विचारण्याची रीत छावणीत नव्हती.

कादंबरीच्या रचनेतही हीच गोष्ट लपलेली आहे. अमीर अली हा ठग बोलतो आणि साहेब ऐकतो, अशी तिची योजना. ठग कोणास कसे मारले ते सांगतो, आणि त्याबरोबर लूट किती मिळाली व वाटणी कशी झाली हेही व्यापाऱ्याच्या थंडपणाने सांगतो. साहेब मधून मधून प्रश्न विचारतो, किळस व्यक्त करतो. पण तो स्वतः येथे काय मिळवितो व ते कोणाच्या खजिन्यातून येते, हे त्यास विचारणारा कोणी त्या खोलीत नाही. टेलरने हे हेतुपुरस्सर केले असे आमचे म्हणणे नाही. हेतू नसतानाही हे घडले, म्हणूनच ते पाहण्यासारखे आहे.

तर मग तो खजिना पाहू. कंटिंजंटचा खर्च निझामाच्या माथी होता आणि निझामाची तिजोरी रिकामी होती. ही फौज पोसण्यासाठी जे कर्ज काढावे लागले, त्याचा मोठा भाग हैदराबादच्या विल्यम पामर यांच्या पेढीने जबर व्याजाने दिला. त्या व्यवहाराची पुढे मोठी बोंबाबोंब झाली आणि पेढीही बुडाली. याच पामरची कन्या मेरी हिच्याशी टेलरचा विवाह १८३२ साली झाला. पुढे फौजेच्या खर्चाची थकबाकी साचत गेली, आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव–नळदुर्गाकडील मुलूख व रायचूरचा दुआब हे सारे कंपनीच्या ताब्यात गेले. त्यांपैकी नळदुर्गाकडच्या भागावर अंमलदार म्हणून कोण आला? टेलरच. १८६० साली निझामाचे ५० लाखांचे कर्ज माफ झाले व धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र तसेच राहिले. सासऱ्याने कर्ज द्यावे, जावयाने त्या कर्जातून पोसलेल्या फौजेत चाकरी करावी, आणि कर्ज फिटले नाही म्हणून आलेल्या मुलखाचा कारभारही त्याच जावयाने पाहावा, असा योग कादंबरीत आला असता तर टीकाकारांनी त्यास ओढूनताणून आणलेला म्हटले असते.

येथे टेलरवर अन्याय होता कामा नये. त्याच्या पिढीतील पुष्कळ इंग्रजांहून तो मनाने मोठा होता. तो येथील भाषा शिकला. त्याने रस्ते, तलाव, शेतसाऱ्याची मोजणी यांत आयुष्य घातले. शोरापूरचा अल्पवयीन राजा व्यंकटप्पा नायक त्यास ‘अप्पा’ म्हणे, आणि १८५८ साली बंड करून तो राजा संपला याचे दुःख टेलरच्या लेखणीतून खरेखुरे उतरले आहे. शिवाय निझामाच्या चाकरीतील गोऱ्या अंमलदारास कंपनीच्या अंमलदाराची प्रतिष्ठा वा हक्क नसत. ती सल त्याने जन्मभर बाळगली. त्याच्या आत्मचरित्रात पगार, बढती, रजा यांचे विषय येतात, कर्जाचे व तहाचे राजकारणही येते. उणीव आहे ती एवढीच की, हे दोन विषय वेगवेगळ्या पानांवर राहतात. आपला पगार हा त्या राजकारणाचाच एक रकाना आहे, असे वाक्य त्यास सुचत नाही. सुचले असते तर हे आत्मचरित्र उत्तमाच्या पंक्तीस बसले असते. आहे त्या स्थितीत ते एका सज्जनाचे वाचनीय चरित्र आहे.

त्याच काळात आपल्याकडील एका माणसाने परमुलखाच्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. वरसईचे विष्णुभट गोडसे हे घरच्या कर्जापायी, यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. ‘माझा प्रवास’ त्यांनी पुढे कित्येक वर्षांनी लिहिला. चिंतामण विनायक वैद्यांनी तो १९०७ साली संपादून छापला. टेलर आणि भटजी दोघेही घरची ओढाताण म्हणून बाहेर पडले, एवढेच त्यांचे साम्य. पण भटजींच्या पुस्तकात पैसा कसा वावरतो ते पाहा! दक्षिणा मिळाली ती सांगतात, लुटली गेली ती सांगतात, झाशीत गोऱ्या शिपायांनी काय नेले ते सांगतात, आणि अखेरीस हाती काय उरले तेही संकोच न करता सांगतात. आपण दक्षिणेसाठी निघालो हे ज्याने पहिल्याच पानांत कबूल केले, त्यास पुढे राणीच्या दरबाराचे वर्णन करताना खोटा आव आणावा लागत नाही. ऐतिहासिक तपशिलांत भटजींच्या स्मरणाने घोटाळे केले असतील. पण परमुलखातील माणूस कशावर जगतो, हे कळण्यास त्यांचे छोटे पुस्तक टेलरच्या मोठ्या पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडते, असे आम्हांस वाटते. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेच्या लोकस्थितीवरील पुस्तक (१८८९) हेही याच प्रामाणिक जातीचे. त्याविषयी स्वतंत्रपणेच लिहावे लागेल.

आता मेंटोन. हा किनारा इंग्रजांचा कसा झाला, याची हकीकत वाङ्मयातूनच कळते. टोबायस स्मॉलेट हा कादंबरीकार क्षयाच्या भयाने व शोकाने ग्रासलेला असा १७६३ साली नीस येथे गेला. त्याच्या १७६६ सालच्या प्रवासपत्रांत घरभाडे, मांसमासळीचे भाव आणि रोजच्या हवेची नोंदसुद्धा आहे. तिरसट, भांडखोर, शेजाऱ्यांविषयी अनुदार असे ते पुस्तक आहे, पण त्यात वही उघडी आहे. म्हणून ते अजून टवटवीत राहिले. पुढे डॉक्टर जेम्स हेन्री बेनेट स्वतः छातीच्या दुखण्याने १८५९ साली मेंटोनला आला, बरा झाला, आणि त्याने तेथील हिवाळ्याची अशी काही कीर्ती गायिली की रोग्यांची रीघ लागली. १८६९ च्या सुमारास आगगाडीही तेथवर पोचली. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७३–७४ चा हिवाळा तेथे राहिला व त्यावर त्याने एक सुरेख निबंध लिहिला. त्यात ऊन आहे, उदासी आहे, भाडे नाही.

ऊन फुकट असते, हे खरे; उन्हात बसण्याची जागा फुकट नसते. त्या काळी एका पौंडास सुमारे २५ फ्रँक पडत. विलायतेत ज्यास पोटापुरते निवृत्तिवेतन, तो येथे दोन नोकर ठेवून राही. पहिल्या महायुद्धानंतर फ्रँक इतका घसरला की १९२६ च्या उन्हाळ्यात पौंडास दोनशेंहून अधिक फ्रँक मिळू लागले, आणि १९३१ साली इंग्लंडने सुवर्णचलन सोडताच तेच निवृत्त गृहस्थ एका रात्रीत गरीब झाले. सूर्य तोच होता. हिंदुस्थानातून निवृत्त होणाऱ्या साहेबांस याची चव आधीच मिळाली होती : रुपया चांदीचा, घर सोन्याच्या नाण्याच्या मुलखात, १८७३ नंतर चांदी उतरत गेली तसा दोन शिलिंगांचा रुपया सव्वा शिलिंगाजवळ आला, आणि १८९३ साली सरकारास अंमलदारांसाठी हुंडणावळीचा भत्ता काढावा लागला. तो भत्ता कोणी भरला, हे सांगावयास नको. मराठवाड्याच्या वाचकास हे गणित शिकविण्याचे कारण नाही. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब त्याच्या आजोबा-पणजोबांनी बोटांवर केलेला आहे.

आजही त्या समुद्रकाठी तोच खेळ चालला आहे, फक्त केंद्र स्पेनकडे सरकले आहे. २०१६ साली ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला तेव्हा पौंड पडला आणि तेथील ब्रिटिश निवृत्तांचा बाजारखर्च वाढला. २०२४ साली मालागा शहरात स्थानिक लोक वाढत्या घरभाड्यांविरुद्ध रस्त्यावर उतरले. घर विकत घेणाऱ्या परकीयांस राहण्याचा परवाना देण्याची सवलत स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये बंद केली. परक्याची स्वस्ताई आणि घरच्याची महागाई ही एकाच घराची दोन दारे आहेत. गोव्याच्या उत्तर किनाऱ्यावर जागा शोधणाऱ्या तेथल्याच तरुण जोडप्यास हे आमच्याहून चांगले सांगता येईल.

आणि आता आपल्या घरांतूनही मुले-सुना परदेशी राहू लागली आहेत. त्यांची पत्रे, त्यांचे लेख, आईबापांनी तिकडे सहा महिने राहून येऊन लिहिलेली पुस्तके, असे एक नवे मराठी वाङ्मय जमत आहे. त्यात निळा समुद्र पुष्कळ आहे, ऑलिव्हची झाडे पुष्कळ आहेत. सकाळी जिना पुसणारी बाई कोणत्या देशाहून आली आणि तिला ताशी काय मिळते, हे मात्र आम्हांस क्वचितच वाचावयास मिळते. लेखक निर्दय आहेत असे नाही. स्वतःचे भाडे सांगण्याचा संकोच जेथे सुटत नाही, तेथे तिची मजुरी विचारण्याची वेळच येत नाही.

टेलर १८६० साली निवृत्त होऊन विलायतेस गेला होता. दिवाण सालारजंगांच्या आग्रहाने तो १८७५ साली पुन्हा हैदराबादेस आला. प्रकृती साथ देईना, दृष्टीही जात चालली. परतीच्या वाटेवर मेंटोन येथे तो थांबला तो कायमचाच. मे महिना होता, म्हणजे त्या गावचा हंगाम संपलेला. हिवाळ्याचे पाहुणे उत्तरेकडे परतलेले. त्या मे महिन्यात इकडे कयाधूचे पात्र कोरडे पडले असेल आणि हिंगोलीच्या छावणीत पंखे ओढणारी पोरे दुपारभर दोरी धरून बसली असतील. ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ची एखादी सटीप मराठी आवृत्ती कोणी काढणार असेल, तर त्याने पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणासमोर निझामाच्या दफ्तरातील त्या त्या वर्षीचा फौजखर्च छापावा, आणि जमल्यास पंखेवाल्यांचा पगारही.